रोजच्या रुटीनमध्ये एक्सफोलिएटिंग टोनर : तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

एकच प्रश्न दहा जणी दहा प्रकारे विचारतात, म्हणून सगळे एका जागी लिहून टाकलेत. सुरुवातीला अगदी बेसिक आहेत, मग औषधं, प्रेग्नन्सी, वांग असले अवघड. तेच तेच परत लिहायला नको म्हणून नंबर दिलेत, जिथे गरज आहे तिथे "अमुक प्रश्न बघा" म्हटलंय. टोनर म्हणजे इथे फक्त सौम्य ॲसिडवाला, धुवायचा नसतो तो टोनर.

१. एक्सफोलिएटिंग टोनर म्हणजे नक्की काय? मी गुलाबपाणी लावते, तेही टोनरच ना?

दुकानात दोन्ही एकाच रॅकवर असतात म्हणून गोंधळ होतो. गुलाबपाण्याने थंड वाटतं, वास छान येतो, बास. एक्सफोलिएटिंग टोनरमध्ये ॲसिड असतं आणि ते वरच्या मेलेल्या पेशींना एकमेकींना धरून ठेवणारे दुवे सैल करतं, म्हणजे त्या पेशी आपोआप गळतात. नवीन पेशी खालून वर यायला तरुण त्वचेत साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की हे काम रेंगाळतं आणि चेहरा निस्तेज दिसायला लागतो. दिवाळीचं उटणं, मसूर डाळीचं पीठ, टाचांना वज्री, आपल्याकडे हे काम घासूनच व्हायचं. टोनर तेच करतो पण घासायचं काही नाही, आणि पिंपल्स असतील तर हा फरक फार मोठा आहे कारण घासलं की पिंपल फुटतो, डाग राहतो.

२. बाटल्यांवर एएचए, बीएचए, पीएचए असं काहीबाही लिहिलेलं असतं. मी कुठला घेऊ?

ही ॲसिडच्या तीन गटांची नावं. एएचए पाण्यात विरघळतात आणि वरच्या थरावर काम करतात. त्यात ग्लायकोलिक (उसात सापडतं ते) रेणूने सगळ्यात छोटं, म्हणून झटकन आत शिरतं, रिझल्टही पटकन आणि चुरचुरही पटकन. लॅक्टिक म्हणजे दह्यातलं, ते थोडं मवाळ आणि वर ओलावाही धरून ठेवतं. मँडेलिक कडू बदामावरून आलेलं, रेणू ग्लायकोलिकच्या दुप्पट मोठा, त्यामुळे हळू शिरतं. बीएचए म्हणजे सॅलिसिलिक, हे तेलात विरघळतं म्हणून रोमछिद्रांच्या आत जाऊन साचलेलं तेल सैल करू शकतं. पीएचए म्हणजे ग्लुकोनोलॅक्टोन, लॅक्टोबायोनिक वगैरे, यांचे रेणू अजून मोठे, ते वरवरच राहतात आणि पाणी धरून ठेवतात.

आता घ्यायचा कुठला, तर तेलकट चेहरा, नाकावर ब्लॅकहेड, पिंपल्स असतील तर सॅलिसिलिक. कोरडी त्वचा असेल तर लॅक्टिक. सेन्सिटिव्ह असेल किंवा आयुष्यात पहिल्यांदाच ॲसिड लावत असाल तर पीएचए. डाग आहेत आणि रंग सावळा किंवा गव्हाळ आहे तर मी आधी मँडेलिक सांगेन, कारण आपल्या त्वचेला जराशी जळजळ झाली तरी तिथे काळा डाग उठतो आणि घाई करणारं ॲसिड आपल्याला महागात पडतं. ग्लायकोलिक वाईट नाही, पण "सगळे तेच वापरतात" एवढ्या कारणावर घेऊ नका.

३. किती टक्क्यांचा घ्यायचा? आणि पीएच काय भानगड आहे?

टक्के म्हणजे अर्धीच माहिती. पीएच म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आम्ल. ॲसिड किती "मोकळं" आहे, म्हणजे खरंच काम करणारं आहे, ते पीएचवर ठरतं. ग्लायकोलिकचं बघा, पीएच ३.८ च्या आसपास असेल तर त्यातलं साधारण अर्धं मोकळं असतं, पीएच ५ वर गेला की मोकळं फारच थोडं उरतं. म्हणून एका कंपनीचा ५ टक्के दुसरीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त झोंबू शकतो. कॉस्मेटिक्सची सेफ्टी तपासणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञ पॅनेलने ग्लायकोलिक आणि लॅक्टिकसाठी घरगुती वापराची मर्यादा १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच किमान ३.५ अशी धरली आहे. अंदाजासाठी, पिक्सीचा ग्लो टॉनिक ५ टक्के ग्लायकोलिकचा आहे, द ऑर्डिनरीचा ७ टक्क्यांचा. नवख्याने ५ च्या वर जायची गरज नाही. सॅलिसिलिक ०.५ ते २ टक्के.

टक्के लिहिलेच नसतील तर मागची घटकांची यादी वाचा. ॲसिडचं नाव सुगंधाच्याही नंतर शेवटी कुठेतरी असेल तर ते नावापुरतंच आहे असं समजा.

४. लावायचा कधी, कशानंतर, कापसाने की हाताने?

रात्री. चेहरा साध्या फेसवॉशने धुवायचा, टॉवेलने टिपायचा, पूर्ण कोरडा होऊ द्यायचा (ओल्या चेहऱ्यावर जास्त झोंबू शकतो), मग टोनर, मग मॉइश्चरायझर. अंगाला लावायचा साबण चेहऱ्याला नको, तो अल्कधर्मी असतो, आणि त्यात बोअरचं जड पाणी असेल तर चेहरा आधीच ताणलेला असतो, त्यावर ॲसिड म्हणजे आगीत तेल. हातावर थोडासा घेऊन थोपटला तरी चालतो, कापसाने टोनर वाया फार जातो आणि कापूस हातात आला की लोक घासायला लागतात. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या खाचा आणि ओठांचे कोपरे सोडा. टोनरनंतर वीस मिनिटं थांबायचं वगैरे काही नाही, सुकला की पुढचं लावा.

५. बाटलीवर "डेली" लिहिलंय. मग आजपासून रोज लावू का?

सगळ्यात जास्त चेहरे इथेच बिघडतात! "डेली" म्हणजे कंपनीच्या मते रोज लावला तरी चालावा इतका तो सौम्य आहे, तुमच्या चेहऱ्याला त्याची रोज गरज आहे असं कोणी म्हटलेलं नाही. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोन रात्री. काही त्रास नाही तर एक दिवसाआड. तिथेच चेहरा छान दिसायला लागला तर तिथेच थांबा, पुढची पायरी चढलीच पाहिजे असं नाही, खूप जणींना एक दिवसाआडच्या पुढे काही जास्तीचं मिळत नाही. रोज लावायचाच असेल तर पीएचए, नाहीतर कमी टक्क्यांचा लॅक्टिक किंवा मँडेलिक. तेलकट त्वचेला सॅलिसिलिकही रोज झेपू शकतं. ग्लायकोलिक रोज झेपणाऱ्या त्वचा असतात, पण ते वापरून वापरून कळतं, आधी नाही.

आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा कोणीच लावू नका.

६. पॅच टेस्ट खरंच करायची का? कोणी करत नाही.

करत नाहीत हे खरंय, पण करा. कानाच्या मागे किंवा जबड्याखाली सलग तीन-चार रात्री लावून बघा. मनगटावर करून उपयोग कमी, तिथली कातडी चेहऱ्यापेक्षा दणकट असते.

७. लावल्यावर चुरचुरतं. चुरचुरलं म्हणजे काम करतंय ना?

नाही हो, चुरचुरण्याचा आणि काम होण्याचा काही संबंध नाही. पीएचए सहसा झोंबत नाही तरी काम करतं. पहिल्या काही वेळा अर्धा-एक मिनिट मुंग्या आल्यासारखं झालं तर ठीक. पण लाली तासभर टिकली, त्वचा ताणून चकाकायला लागली, किंवा एरवीचं मॉइश्चरायझर लावलं तरी आग व्हायला लागली, तर त्वचेचं वरचं संरक्षण बिघडलंय. मग टोनर बंद, रेटिनॉल बंद, स्क्रब बंद, व्हिटॅमिन सी पण बंद. फक्त सौम्य फेसवॉश, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर (सेरामाइड असेल तर उत्तम), जिथे जास्त सोललंय तिथे रात्री पेट्रोलियम जेली, आणि दिवसा सनस्क्रीन. दोन ते चार आठवडे द्या. मध्येच "आता बरं वाटतंय" म्हणून टोनर उघडू नका, आणि उघडाल तेव्हा प्रश्न ५ मधल्या पहिल्या पायरीपासून. फोड आले, सूज आली, पाणी यायला लागलं तर वाट बघू नका, स्किनच्या डॉक्टरांकडे जा.

८. सनस्क्रीन लावलं नाही तर चालेल का? मी तर घरातच असते.

नाही चालणार. एएचएमुळे त्वचा उन्हाला जास्त हळवी होते, आणि अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-कॉस्मेटिक्सवर लक्ष ठेवणारी तिथली सरकारी संस्था) २००५ मध्येच सांगितलंय की असल्या प्रॉडक्टवर उन्हाची वॉर्निंग हवी, वापरत असताना आणि बंद केल्यावरही आठवडाभर ऊन सांभाळायचं. सॅलिसिलिक आणि पीएचएचा हा त्रास कमी, पण पिंपल्सचे डाग उन्हानेच गडद होतात, त्यामुळे सनस्क्रीनमधून सुटका तशीही नाही.

घरात असलात तरी खिडकीच्या काचेतून उन्हातले यूव्हीए किरण येतात, गॅलरीत कपडे वाळत घालता, मुलाला स्टॉपवर सोडता, दुपारी टू व्हीलरवर भाजी आणायला जाता. एसपीएफ ३० किंवा वर, दोन बोटांवर रेघा ओढून येईल तेवढं, चेहरा आणि मान. सनस्क्रीनचं बजेट नसेल तर टोनर घेऊच नका, ते पैसे सनस्क्रीनला घाला. डागांवर एकटं सनस्क्रीनसुद्धा सनस्क्रीनशिवायच्या टोनरपेक्षा जास्त काम करेल.

९. टोनर सुरू केल्यापासून पिंपल्स वाढलेत. हे पर्जिंग का?

नेहमी जिथे येतात तिथेच आले, छोटे आहेत, पटकन पिकून जातायत, तर पर्जिंग असू शकतं, आत अडकलेलं लवकर वर येतंय. चार ते सहा आठवड्यांत कमी व्हायला पाहिजे. पण जिथे कधीच येत नव्हते तिथे आले, किंवा खाज, लाली, पुरळ असेल, तर ते पर्जिंग नाही, तुमच्या त्वचेला त्या बाटलीतलं काहीतरी मानवत नाहीये. दोन महिने "पर्जिंग आहे पर्जिंग आहे" म्हणत सहन करू नका.

१०. नाकावरचे ठिपके काही केल्या जात नाहीत.

ते बहुतेक ब्लॅकहेड नाहीतच. दाबल्यावर करडी-पिवळी बारीक शेवयी बाहेर येते ना, त्या तेल वर आणणाऱ्या नळ्या आहेत, सगळ्यांना असतात, काढल्या तरी काही आठवड्यांत परत भरतात. सॅलिसिलिकने फिकट दिसतील, एवढंच. नोज स्ट्रिप बंद करा.

११. व्हिटॅमिन सी, नायसिनामाइड, रेटिनॉल, सगळं आहे माझ्याकडे. टोनर कुठे बसवू?

आधी एक काम करा, बाथरूममधल्या सगळ्या बाटल्या बाहेर काढा आणि मागचं वाचा. फेसवॉशमध्ये सॅलिसिलिक, सीरममध्ये ग्लायकोलिक, मॉइश्चरायझरमध्ये लॅक्टिक, वरून हा टोनर, असं चार-चार ठिकाणी ॲसिड निघतं आणि मग विचारतात ताई चेहरा का जळतोय. धुवायचं सोडून जे चेहऱ्यावर राहतं त्यात एकाच ठिकाणी ॲसिड ठेवा.

नायसिनामाइडबरोबर बिनधास्त चालतं. व्हिटॅमिन सी सकाळी, टोनर रात्री. रेटिनॉल आणि टोनर वेगवेगळ्या रात्री, आणि मधे एखादी रात्र नुसतं मॉइश्चरायझर. बेन्झॉइल पेरॉक्साइड (पिंपल्सचं औषध) आधीच कोरडं करतं, त्यामुळे त्याच रात्री टोनर नको. ॲझेलेइक ॲसिड बऱ्याच जणींना टोनरबरोबर झोंबतं, ते सकाळी ढकला. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं असतील तर पुढचा प्रश्न.

१२. डॉक्टरांनी ॲडापलीन (किंवा ट्रेटिनॉइन) दिलंय. सोबत टोनर चालेल?

पहिले दोन-तीन महिने नको. या क्रीम स्वतःच पेशींची उलाढाल वाढवतात, त्यात सोलवटणं असतंच, वर ॲसिड लावलं की सहन होत नाही आणि मग माणूस टोनरऐवजी औषधच सोडतो, म्हणजे उलटंच झालं. क्रीम नीट मानवल्यावर डॉक्टरांना विचारून आठवड्यातून एखाद-दोनदा.

पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर टोनर पूर्ण बंद. आणि वॅक्सिंगही, गोळ्या संपल्यावर सहा महिन्यांपर्यंत, कातडी निघून येऊ शकते.

१३. मेडिकलमधून आणलेली क्रीम लावते, चेहरा उजळतो पण बंद केली की लाल होतो. वर टोनर लावू का?

थांबा. ट्यूबवर मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल असं काही लिहिलंय का बघा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन एकत्र असलेली क्रीम आपल्याकडे "गोरं व्हायची क्रीम" म्हणून मैत्रिणीमैत्रिणींत फिरते, त्यात स्टेरॉइड आहे हे कोणी सांगत नाही. भारतात २०१८ मध्ये असली बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, तरी काउंटरवर मागितली की मिळतात. महिनोन्महिने लावली की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पिंपल्स आणि लव वाढते, आणि बंद केली की भडका उडतो. अशा चेहऱ्यावर कुठलाही ॲसिड टोनर नको, पीएचएसुद्धा नको. क्रीम एकदम तोडायची की हळूहळू हे डॉक्टर ठरवतील, ट्यूब घेऊनच जा.

१४. गालावर वांग आहेत. टोनरने जातील?

एकट्या टोनरने नाही. वांग ऊन, उष्णता, हार्मोन्स सगळ्याने वाढतात, प्रेग्नन्सीत किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर जास्त दिसतात, आणि डोळ्यांना दिसणारा नेहमीचा उजेडसुद्धा त्यांना भडकवतो. म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड सनस्क्रीन साध्यापेक्षा बरं. सौम्य लॅक्टिक किंवा मँडेलिक थोडी मदत करतं, पण जळजळ झाली तर वांग अजून गडद. आधी डॉक्टर, मग सनस्क्रीन, मग टोनर, याच क्रमाने.

१५. प्रेग्नंट आहे. वापरू की नको?

ग्लायकोलिक आणि दुकानात मिळणारं कमी टक्क्यांचं सॅलिसिलिक प्रेग्नन्सीत लावलं तर चालतं, असं अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते. लॅक्टिकचीही भीती नाही. टाळायचं ते रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, ॲडापलीन. तरी तुमच्या डॉक्टरांना बाटली दाखवा, कारण या दिवसांत त्वचा एरवीपेक्षा हळवी होते आणि जुनाच टोनर अचानक झोंबायला लागतो.

ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर सॅलिसिलिक घेऊ नका, प्रेग्नन्सी असो नसो. हे फार कमी लोक विचारतात म्हणून इथेच घुसवलं.

१६. थ्रेडिंग, वॅक्सिंग, दाढी, लग्न, रंगपंचमी... कधी बंद करायचा?

अपरलिप थ्रेडिंग किंवा चेहऱ्याचं वॅक्सिंग असेल तर आधी चार-पाच दिवस आणि नंतर दोन-तीन दिवस बंद. ब्लीच, फेशियलचंही तेच. दाढी करणाऱ्यांनी दाढीच्या रात्री सुट्टी द्या. दाढीचे केस आत वळून पुरळ येत असेल तर मात्र मधल्या रात्री सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक चांगलं काम करतं, पुरुष मंडळी हे विचारायला का लाजतात माहीत नाही.

लग्नाच्या आधी महिनाभर नवीन टोनर सुरू करू नका, हळदीच्या आठवड्यात जुनाही बंद. रंगपंचमी, विसर्जनाचा गुलाल, जेजुरीचा भंडारा, सगळ्याच्या आधी तीन-चार दिवस बंद, नाहीतर रंग झोंबतोही आणि लवकर निघतही नाही.

१७. ऑनलाइन तो लाल, ३० टक्के ॲसिडवाला पील स्वस्त मिळतो. टोनर रोज लावण्यापेक्षा तो आठवड्यातून एकदा लावला तर?

तो धुवून टाकायचा असतो, वेळ मोजावी लागते, आणि दहाच्या जागी वीस मिनिटं झाली तर भाजतं. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर तो डाग महिने जात नाही. नवख्याने नकोच, आणि टोनर चालू असताना तर कोणीच नको. डॉक्टरकडे पील करायचा असेल तर आधी टोनर किती दिवस बंद ठेवायचा ते त्यांनाच विचारा.

१८. लिंबू आणि दही पण ॲसिडच ना? नॅचरल का नको?

लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास, म्हणजे वर सांगितलेल्या ३.५ च्या खूप खाली, आणि लिंबू लावून उन्हात गेलात तर त्यातल्या घटकांमुळे फोड येऊन काळे चट्टे पडू शकतात. दह्यात लॅक्टिक असतं पण जेमतेम एखाद टक्का. लावायचं तर लावा, मऊ वाटेल, त्याच्याकडून डाग जायची अपेक्षा ठेवू नका.

१९. कपाळावर बारीक, एकसारखे, खाजणारे पुरळ आहेत. सहा आठवडे टोनर लावूनही तसेच.

खाजतात आणि सगळे एका मापाचे असतील तर ते पिंपल्स नसून यीस्टमुळे आलेले असू शकतात, घाम आणि डोक्याचं तेल कपाळावर उतरणाऱ्यांना पावसाळ्यात जास्त. टोनरने थोडं बरं वाटेल पण मुळातून जायला बुरशीवरचं औषध लागतं. दाखवून घ्या, आणि कोंडा असेल तर तेही सांगा.

२०. मुलगी अकरा वर्षांची आहे, रील बघून टोनर मागतेय.

नको. फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. खरंच पिंपल्स असतील तर डॉक्टर.

२१. मुंबईत असताना चालायचा, आता इथे (पुणे / नागपूर / टोरांटो) चेहरा फाटतोय. टोनर बदलू?

टोनर बहुतेक तोच ठेवा, दिवस बदला. मुंबई-कोकणच्या दमट हवेत एक दिवसाआड झेपणारा टोनर पुण्याच्या डिसेंबरात किंवा हीटर लावलेल्या घरात आठवड्यातून एकदाच झेपतो. विदर्भात मे महिन्यात ऊन आणि कोरडी हवा असा डबल मार, तेव्हा ग्लायकोलिकवाल्यांनी सरळ सुट्टी घ्या, जूनच्या पावसानंतर बघू. मॉइश्चरायझर जाड करा, अंघोळीचं पाणी कोमट.

२२. काखेत, दंडावर, टाचांना लावलेला चालतो का?

काखेत चालतो, वास कमी होतो कारण वास करणाऱ्या जंतूंना तो पीएच आवडत नाही, पण शेव्हिंग-वॅक्सिंगच्या दिवशी नको. दंडावर कोंबडीच्या कातडीसारखे खरखरीत दाणे असतात त्यांना लॅक्टिक किंवा ग्लायकोलिक उपयोगी, युरियाचं लोशनही तितकंच चांगलं आणि मोठ्या बाटलीत स्वस्त पडतं. टाचांना हा टोनर म्हणजे पैसे पाण्यात, तिथे वज्री आणि युरिया. डायबिटीस असेल तर पायाला कुठलंही ॲसिड, कुरूप काढायच्या पट्ट्यासुद्धा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

२३. अर्धी बाटली वर्षभर पडून आहे. वापरू?

मागे उघड्या डबीचं चित्र आणि १२एम असं काहीतरी असतं, तेवढे महिने उघडल्यापासून. रंग, वास बदलला किंवा गढूळ दिसला तर टाकून द्या. यापुढे उघडलेली तारीख मार्करने बाटलीवर लिहा, आणि बाटली खिडकीत ठेवू नका.